जानेवारीतला बेडूक

माझा आवाज चांगला आहे. जरा जाडा आहे, लांबून ऐकलं तर बाई बोलतेय की बुवा असा प्रश्न पडावा असा आहे, पण चांगला आहे. हे मी आता कुणालाही बिनदिक्कत सांगते. आज सांगायचं कारण माझी पुतणी. ती पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे आणि तिला पॉडकास्ट सुरू करायचाय. म्हणजे आपण बोलायचं, ते भरून घ्यायचं आणि इंटरनेटवर सोडून द्यायचं, ज्याला ऐकायचं तो ऐकेल. चांगला माईक आणून तिला सहा महिने झाले आणि त्यावर अजून रुमाल घातलेला आहे. का, तर म्हणे, "काकू, मला माझाच आवाज ऐकवत नाही." मला हसूच फुटलं. हा रोग मला अठ्ठ्याण्णव साली झाला होता आणि त्यावरचं औषधही मी घरच्या घरी शोधलं होतं. ती म्हणाली, मग लिहून दे. म्हणून लिहितेय. औषध कडू आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझं माहेर दापोलीचं. वडील कृषी विद्यापीठात कारकून. शाळेत गाण्याच्या बाईंनी मला समूहगीताच्या मागच्या रांगेत उभं केलं आणि सांगितलं, तू नुसते ओठ हलव. तीन वर्षं मी ओठ हलवले. एकदा आम्हाला बक्षीससुद्धा मिळालं. त्या फोटोत सगळ्यात मोठं तोंड उघडलेली मुलगी मीच आहे. पुढे लग्न होऊन रत्नागिरीत मांडवीला आले, बालवाडीत नोकरी लागली, चाळीस पोरांना एका हाकेत गप्प करायला लागले, तरी ते ओठ हलवणं काही मनातून गेलं नाही. पोरांवर ओरडणं वेगळं आणि बोलणं वेगळं, असं मी धरून चालले होते.

ह्यांची नोकरी बोटीवर. मालवाहू बोटीवर फिटर, म्हणजे इंजिनरूममध्ये जे काही तुटेल, गळेल, वाकेल ते सरळ करायचं. सासरेही जन्मभर बोटीवरच होते. ते माझ्या लग्नाआधीच गेले. माजघरात त्यांचा फोटो होता आणि त्या फोटोच्या देखरेखीखाली घरात आम्ही दोघी, मी आणि सासूबाई.

अठ्ठ्याण्णवच्या जुलैत हे नऊ महिन्यांसाठी निघाले. निघताना दहा कोऱ्या कॅसेटी टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, पत्रं लिहू नको, तुझं पत्र म्हणजे रजेचा अर्ज असतो, त्यापेक्षा बोल आणि कॅसेट पाठव. त्यांच्याजवळ वॉकमन होता, घरात सिंगापूरहून आणलेला टेपरेकॉर्डर होता. भरलेली कॅसेट कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात पाठवायची, तिथून ती बोटीच्या टपालाबरोबर पुढच्या बंदराला जायची. सगळी व्यवस्था चोख होती. फक्त बोलायचं तेवढं बाकी होतं.

पहिल्या दिवशी मी दार लावलं, पंखा बंद केला आणि केस विंचरले. हो, केस विंचरले. टेपरेकॉर्डरपुढे ताठ बसून बटणं दाबली आणि म्हणाले, "सप्रेम नमस्कार, विनंती विशेष." पुढे काही सुचेना. मग सगळं कागदावर लिहून काढलं आणि वाचलं. वाचून झाल्यावर ऐकलं. देवा रे! नाकात कापूस घालून कुणीतरी रेशनच्या दुकानावरची पाटी वाचतंय असं वाटलं. पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलं, पुन्हा पुसलं. एकदा तर मन घट्ट करून पाऊण तास बोलले, हसले, मध्ये थोडी रडलेसुद्धा, आणि शेवटी बघते तर लाल बटण दाबलंच नव्हतं, नुसतं प्लेचं दाबलं होतं. सासूबाई दारातून म्हणाल्या, त्या डब्याशी भांडून झालं असेल तर नारळ फोड. टेपरेकॉर्डरला त्या डबाच म्हणायच्या आणि त्याच्या वाऱ्यालाही उभ्या राहायच्या नाहीत.

महिना गेला. ह्यांचं एक कार्ड आलं, त्यावर एकच ओळ. बाकीच्यांची टपालं येतात, माझं येत नाही, कोरी पाठव पण पाठव. ते वाचून मला माझीच लाज वाटली. मी वाईट बोलते म्हणून घाबरत होते आणि तिकडे माणूस कोऱ्या कॅसेटलाही तयार होता.

ऑगस्टमधल्या एका रविवारी शेजारचे काका दुपारच्या गाडीने मुंबईला निघाले होते आणि कॅसेट ऑफिसात नेऊन देतो म्हणाले होते. अकरा वाजले तरी कॅसेट कोरीच. माझ्यापुढे परातभर बांगडे साफ करायला पडलेले. शेजारी सासूबाई खवणीवर बसून नारळ खवत होत्या. म्हटलं, जाऊ दे, आता नाही तर कधीच नाही. हात माशाचे होते म्हणून कोपराने दोन्ही बटणं दाबली आणि थेट भांडायलाच सुरुवात केली. तुम्हाला काय, तिकडे आयतं ताट समोर येतं, इथे बांगडे आहेत आणि नळाला पाणी नाही, आणि शेजारच्यांनी विहिरीवर मोटर बसवल्यापासून आमच्या बाजूला नुसता चिखल. बोलत सुटले. मध्ये पावसाची सर आली म्हणून उठून दोरीवरचे कपडे काढायला अंगणात पळाले, टेप तशीच चालू. पाच मिनिटं नुसतं सासूबाईंचं खवणं भरलं गेलं. एक वाटी खवून झाली की ती परातीच्या काठावर दोनदा ठोकायची त्यांना सवय होती, ती ठोकही भरली गेली. मी परत आले आणि बटण आपोआप उडेपर्यंत बोलले. ऐकायला वेळच नव्हता. पाकीट काकांच्या हातात दिलं आणि दुपारी जेवताना आपण काय पाठवलं ते ध्यानात आलं, तेव्हा तोंडचं पाणी पळालं.

सप्टेंबरात उत्तर आलं, चांगलं चार पानी. कॅसेट रोज ऐकतो. बरोबर अंजनवेलचा एक खलाशी आहे, तोही एक कान लावून बसतो, त्याला म्हणे बांगड्यांचा वास आला. मध्ये तू कुठेतरी पळालीस आणि आई एकटीच खवत होती, ते तर मी मागे नेऊन नेऊन ऐकतो, आता थांबू नको. ते पत्र मी तीनदा वाचलं. माझ्या आवाजाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. ज्या गोष्टीपायी मी जन्मभर मागच्या रांगेत उभी होते, ती कुणाच्या ध्यानातसुद्धा आली नव्हती.

तेव्हापासून मी माझं शास्त्र बनवलं, ते पुतणीसाठी इथे लिहिते. रविवार सकाळ, अकरा वाजता. साडेअकरा नाही, अंघोळीनंतर बघू नाही, अकरा. हातात काम पाहिजे, कारण हात रिकामे असले की जीभ अडते. नमस्कार-चमत्कार नाही, मधूनच सुरू करायचं, जसं माणूस घरात आल्यावर बोलतो. भरलेलं ऐकायचं नाही आणि पुसायचं तर मुळीच नाही. स्वयंपाकघरात खिळ्याला एक वही टांगली होती. आठवड्यात जे दिसेल ते दोन शब्दांत त्यात लिहायचं. बालवाडीतलं एक पोर मला म्हणालं होतं की समुद्र रात्री बंद करून ठेवतात, ते असंच वहीत गेलं. एखाद्या रविवारी वही कोरी असायची. मग वही का कोरी आहे ते सांगत बसायची. तीही कॅसेट गेली आणि त्यांना तीही आवडली. दोन-तीन रविवारांतच मी इतकी धीट झाले होते की बोलता बोलता दारावरच्या कोळणीशी घासाघीस करायची आणि तीही भरली जायची.

सासूबाई मात्र कधी बोलल्या नाहीत. बटणाचा खट आवाज झाला की त्यांचं तोंड मिटायचं, खवणं तेवढं चालू. तुम्हीही दोन शब्द बोला म्हटलं तर एकच उत्तर, माझा मेला आवाज कोण ऐकणार. ते वाक्य मला चांगलंच ओळखीचं होतं, म्हणून मी आग्रह करायची नाही. करायला हवा होता, हे आता कळतं.

नवरात्रात त्या न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत प्लेट बसवली, तीन महिने पडून राहायचं ठरलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे की त्याला कळवू नको. आमच्या आळीत हा रिवाजच होता. बोटीवरच्या माणसाला घरची वाईट बातमी द्यायची नाही. तो तिथून काय करणार, पाण्यात उडी टाकणार? एकेका घरात बारावं-तेरावं होऊन जायचं आणि पत्रात 'इकडे सर्व खुशाल' जायचं. मलाही ते तेव्हा शहाणपणाचंच वाटलं. मी मान हलवली.

मग रविवारी अकरा वाजता मी एकटीच. नारळही मीच खवायची, म्हणजे मागे आवाज राहील. डिसेंबरात ह्यांचं पत्र आलं. आईचं खवणं बदललंय, घाईत असते का, हल्ली वाटीपण ठोकत नाही. मी चांगलीच घाबरले. मी ठोकून बघितलं, पण त्यांची ठोक काही माझ्या हाताला येईना. त्याच सुमारास ह्यांच्या बोटीवरून उतरलेल्या एका माणसाने जुन्या कॅसेटी परत आणून दिल्या, वरून नवीन भरायला. त्यात ती ऑगस्टची होती, पहिली. मी ती पुसली नव्हती. खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात. शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला, त्यावर ती पाच मिनिटांची खवण्याची जागा काढली, आणि ती मागे लावून आपल्या टेपरेकॉर्डरवर बोलायला बसले. पाच मिनिटं झाली की मागे न्यायची आणि पुन्हा लावायची. सासूबाई खाटेवरून बघत होत्या. म्हणाल्या, तुझं डोकं नको तिथे फार चालतं. पण हसल्या. मलाही माझं कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात कॅसेट गेली. पाठवण्याआधी ऐकायचं नाही हा माझाच नियम, तो मी पाळला.

फेब्रुवारीत एका दुपारी शेजाऱ्यांकडे फोन आला, बोटीवरून आहे, लवकर या. मी धावत गेले. खरखर फार होती. त्यांनी कसं काय, बरी आहेस का, काही विचारलं नाही.

"आई आहे का?" ते म्हणाले.

"आहेत की. असं काय विचारता?"

"जानेवारीत आपल्याकडे बेडूक कधीपासून ओरडायला लागले?"

मला आधी काही कळेना. मग कळलं. पाऊस मला कॅसेटच्या खरखरीसारखा वाटला होता, आणि बेडूक मी ऐकलाच नव्हता. माझे कान फक्त खवणं ऐकत होते.

"तो न्हाणीमागचा बेडूक आहे," ते म्हणाले. "ती ऑगस्टची कॅसेट मला पाठ आहे. आई गेली का? खरं सांग."

मी सगळं सांगितलं. पाय, प्लेट, तीन महिने, सगळं. ते ऐकत होते की नाही तेही कळत नव्हतं. मी म्हटलं, अहो, देवाशपथ आई आहेत, पण दोन अंगणं ओलांडून फोनपर्यंत आणणार कशा? मग ते सावकाश म्हणाले, "शुक्रवारी मुंबईहून बोटीचं टपाल निघेल. त्यात आईचा आवाज पाठव. तुझा आवाज नको मला." आणि फोन कट झाला.

शेजारीण चहा टाकते म्हणाली. मी घरी आले आणि मागच्या पडवीत बसून मनसोक्त रडले. जगात एका माणसाला माझा आवाज हवा होता आणि त्यालाच आता तो नको होता. पुन्हा मागची रांग. आणि या खेपेला गाण्याच्या बाईंची चूक नव्हती.

मंगळवारी सासूबाईंपुढे टेपरेकॉर्डर ठेवला. त्या नाही नाही म्हणाल्या, भिंतीकडे तोंड केलं, शेवटी एकदाच्या बोलल्या. "मी बरी आहे. काळजी करू नये." बस. आणि आवाज असा, की ऐकणाऱ्याने तिथेच अंघोळीचं पाणी तापत ठेवावं. ही कॅसेट गेली असती तर ह्यांची खात्रीच पटली असती. मी चिडले. तुमच्यासाठी मी खोटी पडले, म्हटलं, आणि तुम्हाला दोन वाक्यं नीट बोलवत नाहीत?  त्यांच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. दोन्ही हात चादरीवर नुसते पडलेले होते. चार महिने त्या हातांना काही काम नव्हतं. मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. औषध माझ्याच घरात होतं.

बुधवारी बालवाडीत रजा टाकली. रात्रीचे भिजवलेले, मोड आलेले वाल होते. सासूबाईंना पाठीला उशा लावून बसवलं, मांडीवर परात दिली आणि म्हटलं, सोला. मीही पायाशी बसून सोलायला लागले. अकरा वाजता बटणं दाबली. त्यांनी लाल दिवा बघितला आणि न बघितल्यासारखं केलं. मी विचारलं, वालांना मोड नीट आलेत का. त्या म्हणाल्या, आलेत, पण तू पाणी कमी घातलंस. थोडा वेळ सालं परातीत पडत राहिली. मग आपण होऊन बोलायला लागल्या, मुलाशी.

"पाय मोडलाय माझा. नवरात्रात पडले न्हाणीत. मेले नाय. हिला बोलू नको. हिने केलंन ते माझ्या सांगण्यावरून."

मी मान वर केली नाही. त्याही वाल सोलत होत्या.

"तुला एक बहीण होती, ते ठाऊक आहे तुला. तीन वर्षांची होती, तापात गेली. तुझे बाबा बोटीवर होते. माझ्या सासूने सांगितलं, कळवायचं नाय. मी नाय कळवलं. चार महिने पत्रात लिहून घेत होते, पोर मजेत आहे. ते आले तेव्हा हातात लाल बूट होते. दारातून तिलाच हाक मारली त्यांनी."

इथे बराच वेळ नुसत्या सालांचा आवाज आहे.

"मला काही बोलले नाय कधी. पण पुढच्या खेपेपासून माझं एक पत्र उघडलं नाय. येताना सगळी तशीच बंद, सुतळीने बांधून आणायचे आणि माझ्या हातात द्यायचे. नोकरी सुटेपर्यंत. मी तरी पाठवत राहिले. माझी चूक झाली ती झाली, तीच पुन्हा हिच्याकडून करवून घेतली, कारण मला दुसरं काय ठाऊक होतं? तू तसं करू नको. हिचं ऐक."

खट करून बटण उडालं. माझ्या हातातला वाल कधीचा सोलून झाला होता, मी तो तसाच धरून बसले होते. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्या बुटांबद्दल मी पहिल्यांदा ऐकत होते. मी त्यांच्या मांडीवरची सालं गोळा केली.

सासूबाई म्हणाल्या, दुसरी बाजू? मी म्हटलं, त्यांना माझा आवाज नकोय. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी बालवाडीतल्या पोराकडे बघते. त्याला काय विचारायचं, म्हणाल्या, आज रविवार असता तर बोलली असतीस ना?

मग मी बोलले. क्षमा मागितली, एकदाच, लांबण लावली नाही. नंतर जे चार महिने दडवलं होतं ते सगळं ओळीने सांगितलं. प्लेट कुठे आहे, डॉक्टर काय म्हणाले, कळ कधी येते, उभं राहताना त्या हल्ली ओट्याचा काठ कसा धरतात, आणि ओटा संपला की दोन पावलं हवेत हात कसे चाचपडतात. माझा आवाज मध्ये दोनदा फुटला. फुटू दिला. ओठ हलवायचे दिवस संपले होते.

कॅसेट शुक्रवारच्या टपालात गेली आणि त्यानंतर काही नाही. पत्र नाही, फोन नाही. फेब्रुवारी संपला, मार्च संपला. शेजारीण म्हणाली, आता कशाला भरतेस, उत्तर तरी येऊ दे. पण रविवार आला की अकरा वाजायचेच. पहिली बाजू सासूबाईंची, दुसरी माझी. पुतणीला वाटतं की एकदा धीर आला की शंका जाते. जात नाही गं. दर रविवारी साडेदहाला ती शंका माझ्या शेजारी येऊन बसायची, म्हणायची, तिकडे कुणी ऐकत नाही, सगळ्या कॅसेटी सुतळीने बांधून ठेवल्या असतील. मी म्हणायची, असतील. आणि अकराला बटण दाबायची. सासूबाईंना तर आता थांबवावं लागायचं. बाजू संपली तरी बोलत राहायच्या.

एप्रिलमध्ये हे आले. रिक्षा दारात थांबली तेव्हा सासूबाई माजघरात खाटेवर बसल्या होत्या आणि मी ओट्याशी होते. सामान आत आलं. ह्यांनी आईच्या पायाला हात लावला, तो पायावर जरा जास्त वेळ राहिला. मग बॅग उघडली आणि वरच कॅसेटींचा गठ्ठा होता. सुतळीने बांधलेला.

सासूबाईंनी तो बघितला आणि मी सासूबाईंना बघितलं. माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं, कारण पडलं असतं.

"एवढे दोन महिने बोलले," मी म्हटलं, "एक ओळ पाठवता आली नाही?"

ते ओशाळल्यासारखे झाले. गठ्ठा सोडून माझ्यापुढे केला. कॅसेटींवरची माझ्या अक्षरातली नावं बोटांनी पुसट झाली होती. वालाची कॅसेट तर तुटून चिकटपट्टीने जोडलेली होती, ऐकून ऐकून तुटली होती. सगळ्यात खाली एक होती, तिच्यावर ह्यांच्या अक्षरात माझं नाव. पत्रापेक्षा बोलून पाठवू म्हटलं, ते म्हणाले, दर रविवारी बसत होतो. ती मी नंतर लावली. इंजिनाची घरघर, एक खोकला, "सप्रेम नमस्कार", पुन्हा घरघर, आणि खट. असं सहा वेळा. इतकी मी जन्मात हसले नव्हते आणि हसता हसता रडलेही.

पण ते नंतर. त्याआधी त्यांनी बॅगेच्या बाजूने बांधलेली कागदात गुंडाळलेली एक लांब वस्तू सोडवली. काठी होती. विकतची नाही. इंजिनरूममध्ये स्वतः पाइप कापून, वर मूठ वाकवून, घासून गुळगुळीत केलेली, खाली जाड रबर बसवलेलं. त्यांनी ती आधी ओट्याला लावून बघितली. ओटा त्यांनीच बांधलेला, त्याची उंची त्यांच्या हातात होती. काठी ओट्याच्या काठाला बरोबर भिडली. मग त्यांनी ती आईच्या हातात दिली.

सासूबाई उठल्या. ओट्याकडे हात न करता उठल्या. दोन पावलं टाकली, थांबल्या आणि काठी जमिनीवर दोनदा ठोकली, ठक ठक, पक्की आहे की नाही बघायला. मग त्या आमच्याकडे वळल्या नाहीत. भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे वळल्या आणि पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "बघितलंत? याला कळवलं होतं."